आत्याचा गोल

"घरात आणखी कुणाला कॅन्सर होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पप्पांचा आतड्याचा कॅन्सर घराण्यातून आला असेल, तर हेमा आणि तिच्या ताईलाही तपासून घ्यावं लागणार होतं. समोरच्या कागदावर बाईंनी घरातल्या बाप्यांचे चौकोन आणि बायांचे गोल काढले होते. पप्पांचा चौकोन तेवढा काळा केलेला.

"कुणालाच नाही," आई म्हणाली. "यांची बहीण काविळीनं गेली."

हेमाचं डोकं सणकलं. शकूआत्याच्या उशाशी शेवटपर्यंत तीच बसलेली होती. आत्या कॅन्सरनंच गेली. ताईची सोयरीक मोडू नये म्हणून घरानं कावीळ पाठ केली होती. तिनं पेन ओढून आत्याचा गोल काळा केला.

"शाळा सोडलेली तू, डॉक्टर झालीस काय?" आई दबक्या आवाजात म्हणाली. "हे बाहेर गेलं तर ताईला कोण करून घेईल?"

"करून घ्यायला ताई जगायला नको?"

आईनं कागद स्वतःकडे ओढला. मग तिनं आत्याच्या वरच्या गोलावर बोट ठेवलं.

"सासूबाईंचाही काळा कर," ती म्हणाली. "माझं लग्न ठरताना मलाही कावीळच सांगितली होती."