मोसंबीचा रस

पुलाचे पैसे कोणी खाल्ले, एवढंच विचारायला हौसाबाई तहसील कचेरीसमोरच्या मैदानात उपोषणाला बसल्या होत्या. मागे हजारोंची गर्दी घोषणा देत होती. अखेर आमदार आले. "मावशी, चौकशी लावतो. आता उपोषण सोडा," म्हणत त्यांनी मोसंबीच्या रसाचा पेला पुढे केला.

हौसाबाईंची बोटं पेल्यातून आरपार गेली.

"म्हणजे, तुम्हीपण घरूनच आलात?"

आमदारांची प्रतिमा हात जोडून हसली आणि मावळली. "उपोषण सुटलं!" गर्दीनं जल्लोष केला. मग घरोघरी यंत्रं बंद झाली, तशी मैदानातली माणसंही एकेक करून विझली. प्रतिमा पाठवून उपास घडत नाही, म्हणून अंगानं आल्या होत्या त्या एकट्या हौसाबाई.

"कुणीतरी घोटभर पाणी द्या रे," त्या रिकाम्या मैदानाला म्हणाल्या.