बाहेर असलेल्या माणसाची गाडी

"आज पण बोंबील. आता आठवडाभर सीट वास मारणार."

धर्मेश हेल्मेटच्या आत पुटपुटला. त्याला वाटलं, हेल्मेटमधलं हेल्मेटमध्येच राहतं. पण मागे बसलेल्या हंसाचा कान त्याच्या खांद्यापाशी होता. तिने मांडीवरची सुक्या बोंबलांची पाटी जरा आपल्याकडे ओढून घेतली. जणू तेवढ्याने वास कमी होणार होता.

चिखल्याहून चारोटी नाक्यापर्यंत रोज असंच. धर्मेश नाक्यावरच्या हॉटेलात कामाला, हंसाचा धंदा समोरच रस्त्याच्या कडेला. धर्मेशला सुट्टी असली की गावातलं दुसरं कुणी. नाही कुणीच म्हणत नसे. पण हो म्हणण्याआधी माणसं जो एक श्वास घेतात, तो आता तिच्या ओळखीचा झाला होता. त्या दिवशी नाक्यावर पाटी उतरवतानाच तिने ठरवलं, लायसन काढायचं.

घरात गाडी होती. पडवीत, ताडपत्रीखाली. तिच्या नवऱ्याची, रामूची. दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात होडी उलटली. होडी सापडली, रामू सापडला नाही. आणि समुद्राने परत न दिलेल्या माणसाला त्या आळीत कुणी गेला म्हणत नाही. 'बाहेर आहे' म्हणतात. रामू बाहेर होता. त्याची आई जानी दर शनिवारी ताडपत्री काढायची, गाडी पुसायची, लुगडं खोचून किक मारायची आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवायची. "आल्यावर बंद पडलेली बघितली तर माझ्यावर ओरडेल," म्हणायची. गाडीवर कुणी बसायचं नाही. चावी जानीच्या कनवटीला. म्हातारीचं मन मोडायला नको म्हणून हंसा हिरव्या बांगड्या भरत राहिली, आणि जेवताना 'ते आले की' म्हणत राहिली.

"लायसन कशाला गो?" जानी म्हणाली. "रामू आला की तो नेईल ना तुला."

"तोवर शिकून ठेवते, आय."

मग जानीच अभ्यासाला हंसाच्या शेजारी येऊन बसू लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण मोबाईलवरच्या खुणा तिला हंसाच्या आधी कळायच्या.

"भोंग्यावर काट मारलीय बघ. म्हणजे गप बसायचं."

"आणि हे सांग. समोरासमोर दोन गाड्या आल्या, वाट अरुंद आहे. आधी कोणाला सोडायचं?"

"ज्याचं जाळं पाण्यात असेल त्याला. दुसऱ्याने वळसा घ्यायचा."

"आय, हायवेवर जाळं कोण टाकतो?"

दोघी हसल्या. त्या घरात हसू आलं की दोघी जरा दचकायच्या. मग कुणीतरी घाईने रामूचं नाव काढायचं.

परीक्षा मोबाईलवरच होती, घरबसल्या. पण कॅमेरा चालू ठेवायचा, आणि त्यात दुसरा चेहरा दिसला तर परीक्षा रद्द. हंसाने जानीला दाराबाहेर बसवलं. चौकटीत तिचा एकटीचा चेहरा राहिला. इतका एकटा चेहरा तिने आरशातसुद्धा बघितला नव्हता. ती एकेक प्रश्न हळू वाचत होती. दाराआडून कुजबूज आली, "जाळंवाल्याला!" हंसाने ओठ घट्ट मिटले आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवलं.

"पास?"

"पास. शिकाऊ."

जानीने तिच्या तोंडात साखर घातली. मग डब्याचं झाकण लावत विचारलं, "म्हणजे आता तू कुठेही जाऊ शकशील? वाढवणला पण?"

वाढवण हंसाचं माहेर.

"पक्कं लायसन झालं की," हंसा म्हणाली.

पक्क्या लायसनसाठी तलासरीला आरटीओच्या कॅम्पात गाडी चालवून दाखवायची होती. गाडी आपली आपण न्यायची. त्याआधी शिकायची. ओहोटीला वाळू घट्ट होते, गावातले सगळे तिथेच शिकतात. तिने शिकायला धर्मेशची गाडी मागितली.

"देतो की, वहिनी. पण तुमच्या पडवीत एवढी चांगली गाडी नुसतीच..." तो मध्येच अडकला. "म्हणजे, रामूदादा आला की..." आणि त्याने हेल्मेट घातलं.

दुसऱ्या दोघांना विचारलं. ते पण तिथेच अडकले. जानीकडे चावी मागायची, तर रामू येणार नाही असंच म्हटल्यासारखं झालं असतं. हंसाने कुणालाच विचारायचं सोडून दिलं. शिकाऊ लायसन पिशवीत ठेवलं आणि पाटी मांडीवर घेऊन पुन्हा धर्मेशच्या मागे बसू लागली. धर्मेश आता पुटपुटतही नव्हता. ते जास्त लागत होतं.

एका दुपारी ती परतली तेव्हा शनिवार नव्हता, तरी ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. गाडी अंगणात उभी होती. पुढच्या नंबरप्लेटवर कुठूनतरी आणलेला लाल एल चिकटवला होता, उलटा. जानी पायरीवर बसली होती.

"आय, हे काय केलंस? ते आले की काय म्हणतील?"

जानीने कनवटीची चावी सोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पण तिला आपला हात त्यावरून काढवेना.

"कोणी यायचं नाही, हंसा. रामू बुडाला. होडी सापडली त्याच दिवशी मला कळलं होतं. पण मी तसं म्हटलं असतं, तर तू माहेरी निघून गेली असतीस."