राजकन्येच्या मिशा

मोबाईलवर वाचलं की देवरावांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून त्यांच्या मुलानं, प्रज्ञेशनं, कागदासारखा पडदा असलेला एक ई-रीडर आणला. त्यावर बाबांच्या आवडीची कॉमिक्स काही धड उघडेनात. मग पठ्ठ्यानं त्यासाठी घरच्या घरी स्वतःच ॲप लिहायला घेतलं.

सगळं जमलं, एक कटकट सोडून. पान उलटलं तरी आधीच्या पानावरचं चित्र पुसटसं मागं उरायचं. राजकन्येच्या गालावर आधीच्या पानातल्या राक्षसाच्या मिशा उगवायच्या.

विद्यानगरच्या त्या फ्लॅटमध्ये मग एकही सुट्टी सुखाची गेली नाही. "बाबांना नाष्टा केला का तेसुद्धा आठवत नाही, त्यांना तुमच्या त्या मिशा काय दिसणार? नक्को वो, बस करा आता!" बायको, रेणुका, वैतागून म्हणायची. पण प्रज्ञेश इरेला पेटला होता. अखेर एका रविवारी मिशा गेल्या, राक्षस गेला, पान कोऱ्या कागदासारखं लख्ख उलटलं. त्यानं छाती फुगवून रीडर बाबांच्या हातात दिला.

देवराव दोन-चार पानं पुढं गेले, परत मागं आले, पुन्हा पुढं गेले. मग त्यांनी रीडर मुलाच्या हातात परत ठेवला.

 

"पहिल्यासारखं करून दे बेटा. मागचं थोडं दिसत होतं, म्हणून तर कोण कोणाच्या मागं लागलंय ते माझ्या ध्यानात राहत होतं."