तीन चुका

'रॉकेट' या टोपणनावाची पोरगी कोडिंगच्या खेळात सातव्या पायरीवर पोचली की कुणाच्या पदरात काय पडणार, हे तिला शिकवणाऱ्या ताईला तोंडपाठ होतं. क्लासच्या मॅडमना दारावर चिकटवायला एक फोटो. रॉकेटच्या बाबाला ऑफिसात मिरवायला एक गोष्ट. आणि खुद्द ताईला कायमची नोकरी. रॉकेटच्या पदरात काय, हे कुणी विचारलं नव्हतं. तिचं वय पावणेसात. त्या वयाला विचारायची पद्धत नसते.

मुलांची प्रगती बघायला पालक यायला दहा मिनिटं होती. पडद्यावरच्या बदकाला एकेक आज्ञा देत तळ्यापर्यंत न्यायचं होतं. रॉकेटने पडद्याकडे न बघताच तीन चुकीच्या आज्ञा दाबल्या. टक, टक, टक. बरोबर उत्तर उजळलं. तिने ते जसंच्या तसं उतरवलं. बदक तळ्यात, रॉकेटच्या नावावर बेचाळिसावा तारा.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही लबाडी कुणी शिकवली गं तुला?"

"कुणी नाही. तीनदा चुकलं की उत्तर येतं. दोनदा नाही येत, मी करून बघितलंय." रॉकेट पाय हलवत म्हणाली. "घरी बाबाचं पण तसंच. तीनदा चुकलं की तोच करून देतो. तू तर दोनदा चुकलं की लगेच सांगतेस."

ताईला जुनी रॉकेट आठवली. चार महिन्यांपूर्वी हीच पोरगी दुसऱ्या पायरीवर होती. बदक खड्ड्यात पडलं की खुदखुदायची आणि पुन्हा चालवायची. "दुसरी पायरी फोटोत शोभत नाही," असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा मान कुणी डोलावली होती? पोरीवर निघालेला राग वाटेतच वळला आणि ताईच्याच दारात येऊन बसला.

तिने उत्तरं दाखवायची सोय बंद केली. रॉकेटला तिसऱ्या पायरीवर आणलं. दुसरी तिला येत होती, चौथी झेपली नसती.

मॅडम पालकांना घेऊन आत आल्या. पडदा बघताच ताईच्या कानाशी लागल्या.

"सातवी लाव. मुकाट्याने."

"सातवी तिला येत नाही. मला येते."

"मग कायमची नोकरी विसर."

बदक खड्ड्यात पडलं. एकदा, दोनदा, तीनदा. रॉकेटने वर पाहिलं. उत्तर काही येईना. बाबाचा हात सवयीने माउसकडे गेला. ताईने त्याचं मनगट धरून बाजूला केलं.

"अहो, लहान आहे ती. येत नाहीये तिला."

"येत नाहीये, म्हणूनच तर शिकायला आलीये."

रॉकेट चिडली. टेबलावर मूठ आपटली, रडली, ताईकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. मग बाहीला नाक पुसलं आणि पुन्हा आज्ञा लावायला बसली. दोन-चार पालक घड्याळ बघत निघून गेले. अकराव्या खेपेला बदक तळ्यात उतरलं.

टाळी कुणीच वाजवली नाही. रॉकेट बराच वेळ त्या बदकाकडे बघत राहिली.

"ताई, माझे तारे पुस."

"सगळे?"

रॉकेटने बोटांवर मोजलं. "पहिले पाच राहू दे, ते माझे आहेत. हा आत्ताचा पण. मधले सगळे पुस."

मॅडमचा फोटो बुडाला. बाबाची बढाई बुडाली. ताईची कायमची नोकरी बुडाली. पण या तिघांचं जे गेलं, ते त्यांना अजून मिळालेलंच नव्हतं. पदरातलं काढून दिलं ते एकट्या रॉकेटने. सदतीस तारे, मोजून.