वेणीचा फोटो

भास्कर तांडेल रोज सकाळी मेथीची एक जुडी घेई आणि भाजीवाल्या जनाबाईपुढे आपला फोन धरी. एखादा फोटो वर्षभरात दुसऱ्या कुणी निदान दहा सेकंद पाहिला नाही, तर फोटो साठवणारी कंपनी तो कायमचा पुसून टाके. मालकाने स्वतः कितीही वेळा पाहिला, तरी ते धरत नसत.

आजच्या फोटोची मुदत दुपारी संपणार होती.

“भाऊ, यात वहिनींचं तोंडच नाही. नुसती पाठ. जाऊ द्या की हा.”

“वेणी बघ. हेमाचा हात मोडला होता तेव्हा मी घातली होती.”

जनाबाईने तराजू खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि फोन जवळ घेतला. “अगं बाई! ही वेणी की सुंभ?”

“तीही तेच म्हणाली होती.”

फोनवर हिरवी खूण उमटली. वर्षाची सोय झाली. भास्करने हात पुढे केला. पण जनाबाई अजून बघत होती, हसत होती. त्याने हात मागे घेतला.

घरी कालची मेथी तशीच पडून होती.

“आणखी एक जुडी दे,” तो म्हणाला. “सावकाश दे.”