माकडांची काठी

आम्हाला गणित शिकवणारे हर्डीकर सर आता रिटायर होऊन दुर्गाघाटाच्या घरी एकटेच असतात. गल्लीत जखमी पडलेलं एक कुत्रं त्यांनी उचलून आणलं आणि दूध-पोळी भरवून जगवलं.

परवा मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा गच्चीवर माकडं उतरली. सरांनी कोपऱ्यातली काठी उचलली, तसं कुत्रं थेट पलंगाखाली घुसलं.

"रोज हेच नाटक!" सर वैतागले. "अरे, निकल बाहर! याला आजवर एक चापटसुद्धा मारली नाही मी. काठी माकडांसाठी आहे, एवढं कळू नये याला? तूच सांग, निनाद, मला घाबरण्यासारखं काय आहे?"





काठी पाहताच माझेही दोन्ही तळहात पाठीमागे लपले होते.