अकोटच्या दुकानाची बोहनी

दर्यापूर सोडलं आणि जानराव वानखड्यांच्या जीपचा फॅनबेल्ट तटकन तुटला. इंजिन तापलं, बॉनेटमधून वाफ निघाली, आणि जानराव खाली उतरून चक्क हसले.

"बेल्टच ना? घरचा कारभार हाये, महाराज," ते सोबतच्या चिंतामण महाराजांना म्हणाले.

खोटं नव्हतं ते. त्यांच्या जमुना ऑटो पार्ट्सची सात दुकानं होती आणि आठव्याचं आज अकोटला उद्घाटन होतं. पूजा महाराजांनी सांगायची, फीत जानरावांनी कापायची. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब नागपूरहून येऊन मांडवात बसले होते. मुहूर्तावर दुकान सुरू झालं की एजन्सी तिथल्या तिथं मिळणार होती. या एजन्सीसाठी जानरावांनी कंपनीचे उंबरे झिजवले होते. आज ती हुकली तर परत मिळत नव्हती.

त्यांनी दर्यापूरच्या दुकानात फोन लावला.

"आहे नं साहेब! निंगालाच समजा."

जमुना ऑटोत गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची बंदी होती. खुर्ची द्यायची, चहा सांगायचा आणि गुपचूप दुसऱ्या शाखेतून माल मागवायचा. नियम जानरावांचाच. आता तेच गिऱ्हाईक झाले होते, फक्त खुर्ची आणि चहा नव्हता.

बेल्ट काही येईना. दर्यापूरनं वलगावला विचारलं, वलगावनं अमरावतीला, अमरावतीनं नांदगाव पेठेला. जो तो 'आहे' म्हणत होता. शेवटी अमरावतीचं दुकान सांभाळणाऱ्या त्यांच्या भाच्यानं, नितेशनं धीर केला.

"मामा, खरं सांगू का? सारे बेल्ट अकोटले गेले. तुमीच तं म्हटलं, नवं दुकान भरेल दिसलं पायजे."

जानरावांचा चेहरा पडला. त्यांनीच सांगितलं होतं. सहाव्या दुकानाच्या वेळी सांगितलं होतं, सातव्याच्या वेळीही सांगितलं होतं. दर वेळी जुन्या दुकानांतला माल उचलायचा, नव्यात मांडायचा आणि पेढे वाटायचे. माल होता तेवढाच होता, पाट्या तेवढ्या वाढत होत्या.

त्यांनी अकोटला बायकोला फोन केला. "अवं, कोनाच्या तरी हातानं एक बेल्ट पाठव."

"कसा पाठवू? दाराले फीत लागली हाये," जमुनाबाई म्हणाल्या. "पूजा नाही, बोहनी नाही, आन् माल बाहेर काढू? धंदा बसते म्हणून तुमीच ओरडता."

"मंग मी येऊ कसा?"

"त्याच्यासाठी बेल्ट लागते."

मागून अकोटला जाणारी एसटी येताना दिसली. महाराज हात करायला धावले. जानरावांनी त्यांचा हात धरून खाली ओढला.

"पार्टवाल्याचीच गाडी बंद पडली, आन् तो यष्टीत बसून उद्घाटनाले आला! लोक काय म्हनतीन?"

एसटी गेली. महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला. "जानराव, लोक राहू द्या. मुहूर्त निघून चालला."

जानरावांनी परत फोन काढला. फीत कापायचा त्यांना भारी सोस. नवा कोसा रेशमाचा सदरा त्यासाठीच शिवला होता. जीव तुटत होता बिचाऱ्यांचा, पण एजन्सी फितीहून मोठी होती.

"जमुने," ते फोनवर म्हणाले, "काप तूच."

मग रस्त्याच्या कडेला, तापलेल्या बॉनेटशेजारी उभं राहून चिंतामण महाराजांनी फोनवरून पूजा सांगितली. तिकडे जमुनाबाईंनी फोन माइकसमोर धरला. मांडवातल्या पाहुण्यांनी फोनला हात जोडले, फोनवर अक्षता टाकल्या. फीत कापली गेली. टाळ्या वाजल्या.

"सुटलो बाप्पा!" जानरावांनी कपाळ पुसलं. "महाराज, कोनाले बोलू नका, पन सात दुकानांत मिळून एक बेल्ट नाही. फळ्यांवर रिकामी खोकी रचली हायेत, खोकी! साहेबाले कळलं असतं तं एजन्सी गेलीच होती."

"कळलं, जानराव," साहेबांचा आवाज आला. फोन अजून माइकसमोरच होता.

जानरावांनी फोन बंद केला आणि ते मैलाच्या दगडावर बसले. महाराजांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी नुसतीच हातात धरली.

तासाभरानं स्कूटीवरून एक मुलगी आली. आचल तिचं नाव. जमुनाबाईंनी तिला कालच अकोटच्या दुकानात कामाला ठेवलं होतं. तिनं आणलेल्या बेल्टला हळदकुंकू लावलेलं होतं. ती खूश होऊन सांगू लागली, "साहेबायनं एजन्सी आमच्या बाईंच्याच नावानं देल्ली! म्हने, माल फक्त या एकाच दुकानात हाये, तं एजन्सीबी याच दुकानाले. बाकीच्या सात जागी आता आमीच माल पुरवनार."

जानराव तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"असेच हासत राहा जी, फोटो काढा लागते," आचल मोबाइल धरत म्हणाली. "बोहनीचा हाये, दुकानात लावनार. खाली काय लिहू? कोन तुमी?"

जानरावांनी कोसा सदरा नीट केला आणि बेल्ट छातीशी धरला.

"गिऱ्हाईक," ते म्हणाले.